वकिलाला आत प्रवेश नाही

ते मला कधी आडनावाने हाक मारत नसत. नावानेही नाही. ‘अहो गिरगाव, जरा इकडे या,’ म्हणत. मी गिरगावात राहतो, म्हणून गिरगाव. आमच्याकडे आवक-जावक नोंदवही सांभाळणारा कारकून लालबागचा, म्हणून तो लालबाग. दिल्लीहून तपासणीला आलेल्या एका बाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी ‘या करोल बाग, बसा’ म्हटलं होतं. बाई आधी चमकल्या आणि मग बराच वेळ हसत होत्या.

‘आडनाव ऐकलं की कान आधीच निकाल देऊन मोकळा होतो,’ असं ते म्हणत. ‘मग बाकीचं ऐकायचं कशाला?’

ते आमच्या कार्यालयाचे वरिष्ठ विधी अधिकारी होते आणि मी त्यांच्या हाताखालचा. कार्यालय सरकारच्या गुप्तवार्ता विभागाचं. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, दारावर नुसती ‘प्रादेशिक कार्यालय’ अशी पाटी. कसलं प्रादेशिक, ते लिहिलेलं नाही. लोकांना वाटतं तिथे पिस्तुलं आणि काळे चष्मे असतील. तिथे फाईली होत्या. कोणावर पाळत ठेवायची, कोणाचा फोन ऐकायचा, कोणाला खटला न चालवता स्थानबद्ध करायची शिफारस करायची, यातल्या प्रत्येक कागदावर कायद्याच्या माणसाची सही लागते. ती सही एकतीस वर्षं ते करत होते. मी अकरा वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसलो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. माझंही नाही. विभागाच्या नियमाचं कारण सांगू शकलो असतो, पण खरं कारण लाज हे आहे.

फाईल आली की ते पहिलं काम एकच करत. खणातून ब्राउन पेपरच्या पट्ट्या काढायच्या आणि फाईलीत जिथे जिथे त्या माणसाचं आडनाव असेल तिथे चिकटवायच्या. बोटाला डिंक लावून, शांतपणे, तासभर. मोठे साहेब वैतागायचे. मोठे साहेब म्हणजे कार्यालयाचे प्रमुख, उत्तरेकडचे, हुशार आणि घाईचे. ‘वकीलसाब, यह ऑफिस है, स्क्रैपबुक नहीं,’ ते एकदा म्हणाले. आमच्या साहेबांनी मान हलवली आणि पुढची पट्टी चिकटवली. अभिप्राय लिहून झाला की मगच पट्ट्या निघत.

दुसरी खोड वाचण्याची. फोनवरचं संभाषण उतरवलेलं आलं, की ते मनात वाचायचं नाही. एकाने एक बाजू बोलायची, दुसऱ्याने दुसरी. ‘वाचू नका, बोला,’ हा त्यांचा हुकूम. मग मी संशयित आणि लालबाग त्याचा साथीदार, असे आम्ही दोन बाप्ये माणसं दार लावून बोलत बसायचो. पहिले काही महिने मला हे नाटक मानहानीचं वाटायचं. एकदा परळच्या दोघांचं संभाषण आलं होतं. ‘पेटी आणली, पण काळी दोन लागत नाही.’ ऐकणाऱ्या टेबलाने शेरा मारला होता: पेटी म्हणजे एक लाख, काळी दोन म्हणजे बहुधा दोन काळ्या गाड्या. मी माझी बाजू बोललो. लालबागने कागद खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला. तो स्वतः भजनी मंडळात गाणारा.

‘साहेबानू, ही वाजवची पेटी हा! काळी दोन म्हणजे पट्टी. बुवाचो आवाज तेच्यात बसता.’

‘आणि ती लागत नाही म्हणजे?’

‘म्हणजे भातो फाटलो असतलो, नायतर सूर गेलो असतलो. ह्यांका कित्याक धरतास?’

आमचे साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग चष्मा परत चढवला. ‘गिरगाव,’ ते म्हणाले, ‘हा लालबाग आज रजेवर असता तर?’

मला त्या प्रश्नाचं काही वाटलं नाही. मी हसतच होतो.

दर बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते भोईवाडा कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसत. त्यांचं घर तिथून चार मिनिटांवर, चाळीतल्या दोन खोल्यांत. सरकारी क्वार्टर त्यांनी कधी घेतलं नाही. कोर्टात त्यांचं काही काम नसे. चोरीचे, मारामारीचे, फेरीवाल्यांचे खटले ऐकत बसायचे. मी एकदा विचारलं, ‘साहेब, यात काय मिळतं?’

‘तिथे आरोपीला तोंड असतं हो. आपल्या फाईलीत नसतं. आठवड्यातून एकदा बघून यावं, नाहीतर विसरायला होतं.’

आणि तिसरी गोष्ट, ‘समजते’ या शब्दाचा त्यांना असलेला राग. आमचे सगळे अहवाल याच शब्दावर उभे असतात. अमुक इसम तमुक ठिकाणी गेल्याचे समजते. तो असे बोलल्याचे समजते. साहेब तिथे लाल पेन्सिलीने गोल करत आणि समासात लिहीत: ‘कोणाला? कसे?’ अहवाल लिहिणारे पोरगेलेसे अधिकारी त्यांना मागे ‘कोणाला-कसे’ म्हणत. मीही म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एका चावीवाल्याची फाईल आली. गल्लोगल्लीच्या पाण्याच्या झडपा ठरलेल्या वेळी उघडबंद करणारा पालिकेचा कामगार, त्याला मुंबईत सगळे चावीवालाच म्हणतात. हा डिलाईल रोडच्या चाळीत राहणारा, चाळिशीचा. चाळींच्या पुनर्विकासाविरुद्धच्या सभांत तो तावातावाने बोलायचा, म्हणून कोणीतरी त्याचं नाव पाळतीच्या यादीत घातलेलं होतं. त्याच्या फोनवरचं एक वाक्य उतरवून आलं होतं:

‘रविवारी जलदान. दहा वाजता. पांढरे कपडे घालून या. आपली सगळी लाईन येणार आहे. एवढं झालं की मी मोकळा झालो.’

ऐकणाऱ्याने, जो मराठी नव्हता, खाली लिहिलं होतं: पाण्याशी संबंधित कृती, लाईन म्हणजे जलवाहिनी, पांढरे कपडे ही ओळखीची खूण, रविवार. आणि इसम पाणीखात्यात. मी भाषांतर तपासून सही केली होती. शब्दशः ते बरोबरच होतं. प्रस्ताव सरळ होता: पाणीपुरवठ्याला धोका, इसमास स्थानबद्ध करावे.

साहेबांनी पट्ट्या चिकटवल्या. लालबागला बोलावलं नाही. स्वतःच ते वाक्य मोठ्याने बोलले. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘गिरगाव, जलदान म्हणजे काय?’

‘पाणी देणं, साहेब.’

‘कोणाला?’

मी कागद पुन्हा वाचला.

‘गिरगावातून भोईवाड्याला यायला किती वेळ लागतो हो तुम्हाला?’

‘अर्धा तास. ट्रॅफिक नसेल तर कमीच.’

‘एवढ्या अंतरात शब्द मरतो म्हणजे कमाल आहे.’ ते रागावलेले नव्हते. थकल्यासारखे दिसत होते. ‘आमच्या बौद्ध घरात माणूस गेलं की काही दिवसांनी सगळे जमतात. पांढरे कपडे घालतात. भंतेजी सुत्तं म्हणतात, घरची माणसं भांड्यातून पाण्याची धार सोडतात, गेलेल्या माणसाच्या नावाने. त्याला जलदान म्हणतात. या माणसाच्या घरात कोणीतरी गेलंय. लाईन म्हणजे चाळीतली खोल्यांची लाईन.’

मी खरोखर हादरलो. पन्नाशीला टेकलेला मी, मुंबईत जन्मलेला, मराठी माध्यमात शिकलेला. ज्या शहरात लाखो घरांत हा विधी होतो, तिथे मी तो शब्द पाण्याचा समजून खाली सही केली होती. त्यांनी पट्टी अजून काढलेलीही नव्हती. आडनाव न बघता, नुसत्या शब्दावरून त्यांनी घर ओळखलं होतं.

त्यांनी अभिप्राय लिहिला. मोठ्या साहेबांनी तो वाचून आम्हा दोघांना बोलावलं.

‘वकीलसाब, आप तो उधर के ही हो ना. आपको तो मालूम होगा ही. लेकिन आपका मालूम होना सबूत थोड़ी है.’

मला वाटलं, आता साहेब काहीतरी सुनावतील. साहेब म्हणाले, ‘बरोबर आहे, सर. माझं ज्ञान हा पुरावा नाही.’

बाहेर आल्यावर जिन्यात ते मला म्हणाले, ‘रविवारी मी जाऊन बघणार आहे. डोळ्यांनी पाहिलेलं लिहिता येईल. एकट्याचं म्हणणं पुन्हा कमी पडेल. तुम्ही येता का? तुम्ही उधर के नाही, तुमचं चालेल.’

पाळतीखालच्या माणसाच्या घरी विभागाच्या अधिकाऱ्याने परवानगीशिवाय जाणं हा मोठा गुन्हा होता. हे आम्हा दोघांना पाठ होतं. मी ‘येतो’ म्हणालो. साडेनऊला डिलाईल रोडच्या नाक्यावर भेटायचं ठरलं.

रविवारी मी पांढरा शर्ट घातला. खाली उतरलो. टॅक्सीला हात केला. टॅक्सीवाल्याने विचारलं, ‘किधर जाना है?’ आणि मला ते नाव तोंडातून काढवेना. उद्या कोणी त्यालाच विचारलं तर, असा विचार आला. अकरा वर्षं इतरांवर जे करायला आम्ही सह्या केल्या, ते सगळं त्या एका क्षणी माझ्याकडे बघत होतं. मी घरी आलो आणि बायकोला पोट बिघडल्याचं सांगितलं.

सोमवारी साहेबांनी विचारलं, ‘पोट बरं आहे का आता?’

मी त्यांना पोटाचं काही कळवलेलं नव्हतं. त्यांनी अंदाजाने विचारलं आणि तो बरोबर निघाला, याने मी इतका दचकलो की ‘हो’ म्हणून गेलो.

त्या चावीवाल्याची आई गेली होती. साहेब शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसून आले होते. परत येऊन त्यांनी स्वच्छ लिहिलं: मी रविवारी सकाळी दहा वाजता तेथे होतो, मी हे पाहिले. छापलेलं निमंत्रणाचं कार्डही जोडलं, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘जलदान विधी’. मोठे साहेब लाल झाले. त्यांना विधीत रस नव्हता. आपला विधी अधिकारी पाळतीखालच्या माणसाकडे जाऊन बसतो, हे त्यांना पुरेसं होतं. त्यांनी मला एकट्याला बोलावलं. हा जाणार हे तुला माहीत होतं का, असं विचारलं. मी घुटमळलो. ‘लिखके दो,’ ते म्हणाले.

मी लिहून दिलं. ‘सदर अधिकारी रविवारी संबंधित इसमाच्या निवासस्थानी गेल्याचे समजते.’ दीड पान. फार नीटनेटकं.

आमच्या नियमाप्रमाणे कारवाईचा कोणताही प्रस्ताव विधी शाखेच्या अभिप्रायासाठी जातो. विधी शाखेत आम्ही दोघंच. अहवाल माझा, म्हणून अभिप्राय मला देता येईना. लालबाग फाईल घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. त्याचा चेहरा उतरलेला.

‘साहेबानू, ही खय धाडू? नियमान तर तेंच्याकडेच जाता.’

मी ती थांबवू शकलो असतो. मोठ्या साहेबांकडे जाऊन, ही दुसऱ्या कार्यालयात पाठवा, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, ‘नियम आहे तसं करा.’

समोरच्या टेबलावर ती फाईल गेली. मी खाली मान घालून बसलो होतो. डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं. ते स्वतःच्या आडनावावर पट्टी चिकटवत होते. मला वाटलं होतं ते ओरडतील, फाईल फेकतील, निदान माझ्याकडे बघतील. ते फाईल वाचत होते, रोज वाचत तसे. एका ठिकाणी पेन्सिल उचलली. मग पाऊण तासाने मला हाक मारली.

‘गिरगाव, दुसऱ्या परिच्छेदात घाबरलात.’

समासात त्यांनी लिहिलं होतं: ‘“समजते” नको. “त्यांनी मला आधी सांगितले होते व मी सोबत जाण्याचे कबूल केले होते” असे हवे.’ मग त्यातलं ‘व मी सोबत जाण्याचे कबूल केले होते’ एवढं लाल पेन्सिलीने खोडलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं: ‘हे आवश्यक नाही.’

खाली अभिप्राय: ‘घटना खरी आहे. नियमाचा भंग झाला आहे. कारवाईस कायदेशीर हरकत नाही.’ आणि सही.

‘साहेब, तुम्ही हे...’

‘मग काय लिहू? खोटं आहे म्हणू?’ ते म्हणाले. ‘पट्टीखाली कोण आहे ते मला माहीत नाही.’

ते थट्टा करत होते की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

चौकशी सुरू होण्याआधीच त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. निरोप समारंभ झाला नाही. लालबाग त्यांना खालपर्यंत सोडायला गेला आणि परत येऊन दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

पंधरा दिवसांनी चावीवाल्याचा प्रस्ताव पुन्हा आला. रविवारी पाण्याला काही झालं नव्हतं. आता लिहिलं होतं की बेत पुढे ढकलल्याचे समजते. साहेबांची टिपणी आणि ते कार्ड फाईलीत नव्हतं. मी शोधलं नाही. मी लिहिलं, ‘कायदेशीर हरकत नाही.’ या वेळी मला तो शब्द माहीत होता.

त्याला पहाटे, कामावर असताना उचललं. पंचनाम्याची प्रत माझ्याकडे आली. त्यात जप्त वस्तूंत लिहिलं होतं: ‘अंदाजे चार फूट लांबीचे लोखंडी हत्यार, एक.’ ती त्याची झडप फिरवायची चावी होती. मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगता येणार नाही.

स्थानबद्ध माणसाचं प्रकरण काही आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे जावं लागतं. तीन जण बसतात, अध्यक्ष न्यायाधीश असतात. माणसाला समक्ष आणतात. पण तिथे त्याला वकील मिळत नाही. कायद्यातच तसं आहे. फार तर एखादा मित्र सोबत आणता येतो, वकील नसलेला. सरकारच्या बाजूनेही वकील नसतो, म्हणून मला ‘अधिकारी’ म्हणून पाठवलं. मी कायद्याचा माणूस आहे हे कोणी बोललं नाही, मीही नाही.

सुनावणीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि साहेब जिन्यातून वर आले. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. काळा कोट नाही. दारावरच्या कर्मचाऱ्याने अडवलं. तो त्यांना ओळखत असावा.

‘वकीलसाहेब, तुम्हाला माहितीये. वकिलाला आत प्रवेश नाही.’

‘मी वकील नाही. या माणसाचा मित्र आहे.’

‘असं कसं? सनद आहे ना तुमची?’

साहेबांनी पिशवीतून एक कागद काढून दिला. मी उठून जवळ गेलो होतो, मला दिसला. सरकारी नोकरीत असेपर्यंत वकिलाची सनद बार कौन्सिलकडे थांबवून ठेवलेली असते. निवृत्त झालं की ती पुन्हा सुरू करून घेतात, तोच पुढच्या आयुष्याचा आधार असतो. साहेबांनी सनद कायमची परत केली होती. कौन्सिलने ती स्वीकारल्याचं पत्र होतं ते. तरुणपणी आईने कानातलं विकून भरलेल्या फीवर मिळालेली सनद, असं ते एकदाच बोलले होते. एका खोलीत जायला मिळावं म्हणून ती त्यांनी देऊन टाकली होती, ज्याच्याशी आयुष्यात एकदा, सतरंजीच्या शेवटच्या रांगेतून, नजरानजर झाली होती त्या माणसासाठी.

ते माझ्या बाजूने आत गेले. ‘चला,’ म्हणाले.

आत त्यांनी कायद्याचं एक अक्षर काढलं नाही. मित्र म्हणून बोलले. याची आई अमुक दिवशी गेली. हे निमंत्रणाचं कार्ड, त्याच्या घरून आणलेलं. या शब्दाचा अर्थ असा. अध्यक्ष मराठीच होते. त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिलं आणि आमच्या बाजूला विचारलं, ‘हे भाषांतर तपासलं कोणी?’

मी उभा राहिलो. ‘मी, सर.’

‘मराठी आहात?’

‘हो.’

‘जलदान म्हणजे काय, हे शिफारस करताना तुम्हाला माहीत नव्हतं?’

चावीवाला दोन पोलिसांच्या मधे बसून माझ्याकडे बघत होता. साहेब माझ्यापासून दोन हातांवर. त्यांनीच तो शब्द मला शिकवलेला. त्यांच्यासमोर कोणी एक शब्द इकडचा तिकडे केला तर ते पुढचं बोलू देत नसत, मग तो कोणीही असो.

‘नव्हतं, सर,’ मी म्हणालो.

मी थांबलो, ते बोलतील म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कार्ड नीट घडी करून पिशवीत ठेवत होते.

‘म्हणजे न समजता सही केलीत,’ अध्यक्ष म्हणाले.

‘हो, सर.’

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. ज्या आदेशामागे कोणी डोकं चालवलेलं नाही तो टिकत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या खोट्यानेच तो माणूस सुटणार होता.

बाहेर नेताना पोलिसांच्या मधूनच तो चावीवाला माझ्यापाशी थांबला. त्याने हात जोडले. ‘साहेब, उपकार झाले. मोठी माणसं चूक कबूल करत नाहीत. तुम्ही खरं बोललात.’

मीही हात जोडले. दुसरं काय करणार होतो?

तो गेल्यावर मी साहेबांकडे वळलो. ‘साहेब, तुम्ही बोलला का नाहीत?’

‘वकील असतो तर बोलावं लागलं असतं,’ ते म्हणाले. ‘मी मित्र आहे.’

‘पण मी...’

‘सुटकेचा आदेश निघेपर्यंत तुम्हाला तो शब्द माहीत नाही. महिना, दीड महिना. नंतर तुमचं तुम्ही बघा, गिरगाव.’ आणि ते जिना उतरून गेले. ठाम पावलं टाकत, बुधवारी कोर्टात जात तसे.

तीन आठवड्यांनी तो सुटला. पुन्हा कामावर रुजू झाला. मी मात्र खरं सांगायला महिनाभर थांबलो, मग वर्षभर, मग मोजणं सोडून दिलं. साहेब भोईवाड्यात लोकांचे अर्ज लिहून देत बसतात, असं लालबागकडून कळायचं. मी गेलो नाही. गिरगावातून अर्धा तास.

चावीवाल्याचे मात्र मला मेसेज यायचे. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, नवीन वर्षाला. माझा नंबर कुठून मिळाला, विचारलं तर म्हणाला, ‘वकीलसाहेबांनी दिला. म्हणाले, ह्यांना अधूनमधून फोन करत जा, त्यांना गरज आहे.’

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाजात उत्साह. साहेबांना एकसष्टावं लागलं, म्हणून चाळीच्या हॉलमध्ये सत्कार ठेवलाय.

‘तुम्ही दोन शब्द बोलायचे, साहेब. नाही म्हणायचं नाही. अख्ख्या सरकारात दोनच माणसं खरं बोलली, ते आणि तुम्ही. मी सगळ्यांना सांगत असतो.’

मला पुढे ऐकवेना. त्या हॉलमध्ये, त्या लोकांसमोर माइक धरून मी उभा आहे, हे डोळ्यासमोर आलं आणि तोंडातून निघून गेलं, ‘मला तो शब्द माहीत होता.’

‘कुठला शब्द?’

त्याच्या ते लक्षातही नव्हतं. मग मला पहिल्यापासून सांगावं लागलं. साहेबांनी शिकवलं ते, रविवारी मी आलो नाही ते, दुसऱ्यांदा सही केली ती. मंडळापुढे खोटं बोललो ते. मी भराभर बोलत होतो, छातीवरचं एकेक काढून टाकल्यासारखं, आणि लाज वाटते सांगायला, पण मला हलकं वाटत होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘थांबा. वकीलसाहेब तर तिथेच उभे होते.’

‘हो.’

‘म्हणजे तुम्ही त्यांच्यासमोर खोटं बोलताय, हे त्यांना कळत होतं?’

तेव्हा मला दिसलं, मी काय केलंय ते. मी स्वतःचं सांगायला निघालो होतो आणि दुसऱ्यांदा त्यांचाच अहवाल देऊन बसलो होतो. अजून ‘नाही’ म्हणता आलं असतं. एकच शब्द.

‘हो,’ मी म्हणालो.

पलीकडे कोणीतरी त्याला विचारत होतं, ‘दादा, बॅनरवाला थांबलाय. साहेबांच्या नावाखाली काय टाकायचं?’

‘त्याला थांबव जरा,’ तो म्हणाला. फोन त्याने ठेवला नाही.